आधी धुराडं, मग चूल

दर वर्षी होळी झाली की मला फोन यायला लागतात. मुंबई-पुण्यातली माणसं गावचं घर दुरुस्तीला काढतात. कौलं परतून घेतात, न्हाणीघरात नळ येतात, आणि मग कुणीतरी म्हणतं की एक लाकडाची चूल हवीच. "ताई, कुठली घेऊ?" मी उलट विचारते, "धूर कुठून जाणार?" बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो.

माझ्या आजीने उभ्या आयुष्यात विडी ओढली नाही, तरी शेवटची काही वर्षं ती उशाशी पंप ठेवून झोपायची. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा श्वास कोंडणारा जुनाट आजार, असल्याचं सांगितलं आणि लगेच विचारलं, "चुलीपुढे किती वर्षं बसलात?" लाकूड, शेण, कोळसा, रॉकेल जाळून घरात जो धूर होतो त्यापायी २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातली एक आपल्या घरातली असू शकते हे आजीच्या खोकल्याने मला शिकवलं. चूल मला मनापासून आवडते, आमच्या संगमेश्वराकडच्या घरात ती रोज पेटते. पण धुराडं नसलेली चूल चार भिंतींच्या आत लावायला मी कुणालाही सांगणार नाही.

चूल कशासाठी हवी ते आधी ठरवा

घरात गॅस असेल तर रोजचा चहा, डाळ-भात, भाजी गॅसवरच करा. चुलीची खरी गरज वेगळीच असते: आंघोळीचं पाणी, उकड्या तांदळासाठी भात (साळ) उकडणं, आंब्याचा रस आटवणं, गणपतीत पंचवीस माणसांचा स्वयंपाक, आणि भाकरी. कामं कुठली यावर चूल केवढी आणि कुठे हे ठरतं. नुसतं पाणी तापवायचं असेल तर बंब पुरतो. भात उकडायचा असेल तर मोठं भांडं पेलणारी चूल अंगणात किंवा मागच्या पडवीत लागते, ती घरात आणूच नये. रोजची भाकरी आणि एखादं कालवण करायचं असेल तर घरातली दोन भांड्यांची, धुराड्याची चूल.

फ्लॅटमध्ये, बाल्कनीत, सोसायटीच्या गच्चीवर चूल बसवू नका. पुढचं सगळं स्वतंत्र घरासाठी आहे.

बाजारात काय मिळतं

तीन प्रकार समोर येतात.

पहिली सुटी लोखंडी चूल. उचलून कुठेही नेता येते. खालून हवा घ्यायला जाळी असते, आतली पोकळी उभी असते, त्यामुळे जाळ वर ओढला जातो. साध्या मातीच्या चुलीपेक्षा लाकूड कमी लागतं, धूरही कमी होतो. दुसरी पंख्याची चूल. बॅटरीवर किंवा वीजजोडणीवर छोटा पंखा चालतो आणि ज्वाळेत हवा सोडतो. जाळ सुंदर लागतो, पण हिला बोटभर लांबीचे तुकडे किंवा भुशाच्या गोळ्या लागतात. लाकूड एवढं बारीक कोण करणार, हे घेण्याआधीच विचारा. आमच्या ओळखीत अशा दोन चुली माळ्यावर पडून आहेत, तुकडे करायला कुणी नाही म्हणून. तिसरी बांधीव चूल: माती-विटांची किंवा साच्यात ओतलेली, दोन भांड्यांची, मागे धुराडं असलेली.

सुट्या चुलीवर आयएस १३१५२ हा भारतीय मानक ब्युरोचा क्रमांक आहे का ते पाहा. या मानकाप्रमाणे बिनपंख्याच्या चुलीची उष्णतेची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के लागते. शिवाय धुरातले कण आणि कार्बन मोनॉक्साइड किती असावा यालाही मर्यादा आहे. जुन्या उघड्या चुलीत लाकडातली जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्याला मिळते, यावरून फरक लक्षात येईल. दुकानात चूल हातात घेऊन पाहा. आतली जाळी बदलता येते का? आतल्या नळकांड्याचा पत्रा पातळ असेल तर दोन पावसाळ्यांत गंजून जातो. भांडं टेकवायचे उंचवटे तुमच्या सगळ्यात मोठ्या टोपाचं वजन घेतील का? तो टोप सोबत नेलात तर उत्तम.

एक मात्र लक्षात ठेवा. "कमी धुराची" म्हणजे बिनधुराची नव्हे. मानक पाळणारी सुटी चूलसुद्धा बंद खोलीत लावायची नाही. पडवीत, अंगणात, किमान दोन बाजू उघड्या असलेल्या जागी ती ठीक आहे. घरात हवी असेल तर तिसरा प्रकार, धुराड्यासकट.

आपल्याकडे निर्धूर चुलीचे प्रयत्न जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली. पुढे १९८३-८४ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, २००२ साली तो बंद होईपर्यंत देशभर तीन कोटींवर चुली बसल्या. महाराष्ट्रात आरती या संस्थेने साच्यातून ओतायच्या 'लक्ष्मी'सारख्या चुली गावोगावी नेल्या. त्या काळात बसलेल्या कितीतरी चुली पुढे मोडल्या किंवा पुन्हा उघड्या झाल्या. कारणं अगदी घरगुती होती. धुराडं काजळीने भरलं आणि साफ कुणी केलं नाही. जाड ओंडका आत जाईना म्हणून चुलीचं तोंड फोडून मोठं केलं. पाइप फुटला, दुसरा मिळाला नाही. तुमची चूल दहा वर्षं टिकायची असेल तर पहिल्या दिवसापासून या तीन गोष्टींचा बंदोबस्त करा.

जागा

चुलीची जागा छपराकडे बघून ठरवायची, जमिनीकडे बघून नाही. पाइप सरळ वर जाऊन कौलांतून बाहेर पडेल, मध्ये आडवी तुळई येणार नाही, आणि शक्यतो आढ्याच्या, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच कडेच्या, जवळ निघेल अशी जागा शोधा. एक ओळंबा घ्या, छपरातून खाली सोडा, दोरी जिथे टेकते तिथे खडूने फुली मारा. तिथून मागे-पुढे होऊन चुलीची आखणी करा.

लाकडी कपाट, माळ्याची शिडी, पडदा, सरपणाचा ढीग यांपासून चूल लांब हवी. गॅसचा सिलिंडर त्याच खोलीत नको. चुलीपुढे दोन फूट तरी शहाबादी फरशी किंवा चिऱ्याची जमीन ठेवा, निखारा उडाला तर तिथेच विझेल.

उंचीबद्दल घरात चर्चा करा, आणि चुलीपुढे जी व्यक्ती बसणार तिचं ऐका. मी ओट्यावरची, उभ्याने करायची चूल बांधायला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, "भाकरी मी उभ्याने थापणार नाही." शेवटी आम्ही नऊ इंचांचा बुटका ओटा केला, समोर पाट टाकून बसता येईल असा. गुडघे दुखतात त्यांनी उंच ओटाच करावा, चूल धरून वरची कड कमरेएवढी यावी. लहान मुलं असतील तरी उंच चूल बरी.

हवा आत यायलाही वाट लागते, हे हमखास राहून जातं. धुराडं जेवढी हवा बाहेर टाकतं तेवढी खोलीत आली पाहिजे. चुलीच्या खोलीला एक खिडकी किंवा जाळीचा झरोका कायम उघडा ठेवा. आणि चूल पेटलेली असताना एक्झॉस्ट पंखा लावू नका. पंखा खोलीतली हवा खेचतो, ती भरून काढायला धुराड्यातूनच हवा खाली येते आणि सोबत धूर घेऊन येते. नवीन घरांत "धुराडं काम करत नाही" या तक्रारीमागे मला दोनदा हाच पंखा सापडला आहे.

धुराडं

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना धुराडं कसं चालतं हे समजावावं लागत नाही. बंबाच्या पोटातून उभी नळी जाते, खाली जाळ, भोवती पाणी. चार ढलप्या टाकल्या की नळी घुमायला लागते. नळीतली हवा तापून हलकी होते, वर धावते आणि मागून खालची हवा ओढून घेते. नळी जितकी उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ओढ जास्त. म्हणून धुराडं उंच हवं, सरळ हवं आणि आतून गरम राहायला हवं.

आमचं पहिलं धुराडं या तिन्ही बाबतींत चुकलं होतं. ज्यांनी काम घेतलं त्यांनी कौलांना हात लावायला नको म्हणून चुलीमागच्या भिंतीत भोक पाडलं, पाइप चार फूट आडवा नेला, बाहेर काटकोनात वळवला आणि पागोळीच्या खालीच संपवला. ऐन मे महिन्यात ते बरं चाललं. जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुरू झाला आणि दर झोताबरोबर धूर चुलीच्या तोंडातून परत यायला लागला. आडव्या भागात डांबरासारखा काळा चिकट द्रव साचला, सांध्यांतून भिंतीवर ओघळला. तो डाग तीन वेळा चुना देऊनही अजून दिसतो. काकू डोळ्यांना पदर लावून भाकऱ्या भाजत होत्या, आणि मला आजी आठवत होती. पावसाळा संपताच आम्ही ते सगळं काढलं.

आता नीट कसं करायचं ते सांगते.

पाइप चार इंच व्यासाचा घ्या. दोन भांड्यांच्या घरगुती चुलीला तो पुरतो. चुलीपासून टोपीपर्यंत बारा फूट तरी उंची मिळायला हवी. चुलीलगतचे पहिले तीन फूट जाड काळ्या लोखंडी पाइपचे असावेत, कारण तिथे उष्णता सगळ्यात जास्त असते आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा थर तिथे टिकत नाही. वरचा भाग जीआयचा, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा, चालतो. समुद्र जवळ असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर वर स्टेनलेस स्टील घ्या, खाऱ्या हवेत जीआय लवकर जातो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांसारखे अ‍ॅस्बेस्टॉसचे पाइप अजूनही कुठेकुठे मिळतात. ते घेऊ नका, कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. पीव्हीसीचा पाइप तर धुराड्याच्या जवळपासही नको.

सांधे जोडताना बारीक गोष्ट आहे, पण नव्वद टक्के कारागीर ती उलटी करतात. वरच्या पाइपचं टोक खालच्या पाइपच्या आत बसलं पाहिजे. पावसाच्या पन्हळीला आपण असंच करतो, कारण पाणी आतून वाहत असतं. धुराड्यातही काळा रस आतल्या अंगाने खाली उतरतो. वरचा पाइप आत असेल तर तो रस आतल्या आत चुलीकडे येतो आणि जळून जातो. वरचा पाइप बाहेरून बसवला तर प्रत्येक सांध्यावर गळतो. काम चालू असताना स्वतः उभं राहून हे बघा. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारा.

वळण शक्यतो नकोच. तुळई चुकवायची असेल तर दोन तिरपे सांधे चालतील, काटकोन नको. आणि पाइप चुलीतून निघतो तिथेच खाली झाकण असलेला टी-सांधा बसवा. झाकण काढलं की काजळी घमेल्यात पडते. हे झाकण नसेल तर साफसफाईला दर वेळी पाइप उतरवावा लागतो, आणि मग ती होतच नाही.

आता कौलं. उघड्या पाइपपासून लाकूड दीड फूट लांब हवं. मंगलोरी कौलांच्या छपरात रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या, फूटभर अंतराने असतात, त्यामुळे दोन रिपांच्या बरोबर मधून पाइप नेला तरी दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार इंच उरतात. वर्षानुवर्षं रोज तापणारं लाकूड कोळशासारखं कोरडं होत जातं आणि एक दिवस पेट घेतं. म्हणून सुताराकडून त्या जागेची एक रीप दोन वाशांच्या मध्ये कापून घ्या, तिथे लोखंडी अँगलची चौकट बसवा, तिला पत्रा मारा. पत्र्यात आठ इंची भोक, भोकात आठ इंच व्यासाचं फूट-दीड फूट लांब नळकांडं, आणि त्याच्या मधोमध आपला चार इंची पाइप. भोवतीची दोन इंचांची पोकळी मोकळी ठेवा. तिथे थर्मोकोल, नारळाचा काथ्या, फोम असं काही कोंबू नका. दाबायचंच असेल तर खनिज लोकर घ्या.

कौलांच्या जागी जो पत्रा येईल त्याची वरची कड वरच्या कौलांच्या खाली आणि खालची कड खालच्या कौलांच्या वर आली पाहिजे, कौलं एकमेकांवर बसतात तशीच. पाइपवरून ओघळणारं पाणी अडवायला पत्र्याच्या थोडं वर पाइपभोवती उतरती कॉलर आवळून बसवा. ती नळकांड्याचं तोंडही झाकते. पाइप आणि कॉलरमधली फट उष्णता सहन करणाऱ्या सीलंटने भरा. साधं सिलिकॉन तिथे पहिल्याच महिन्यात सुटतं.

बाहेर पाइप किती वर काढायचा? कौलांतून निघतो तिथून किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत आढं, भिंत, झाड जे काही असेल त्याहून दोन फूट उंच. आढ्यापेक्षा खाली राहिला तर आढ्यावरून उतरणारा वारा धूर खाली दाबतो. टोपी आणि पाइपचं तोंड यांत चार इंच मोकळे ठेवा. टोपीखाली बारीक जाळी लावू नका, काजळीने ती महिनाभरात बुजते. पक्षी शिरू नयेत म्हणून अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी पुरते. तीन फुटांच्या वर पाइप असेल तर तीन बाजूंनी तारेचे ताण द्या. कोकणात जूनचं वारं काय करतं हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण नव्याने येणाऱ्याला सांगायला हवं.

माझ्याकडे पाइप, टोपी, कॉलर, सुतार आणि गवंडी यांच्या खर्चापुढे चुलीचा खर्च चौथाईसुद्धा नव्हता. अंदाजपत्रक करताना हे धरून चाला.

चूल बांधणं

साचा आणि कारागीर मिळत असेल तर ओतीव चूल घ्या, दोन तासांत होते. नाहीतर विटा आणि मातीची बांधा. चिकणमाती, शेण आणि भाताचा तूस एकत्र मळून दोन दिवस मुरत ठेवा. नुसतं सिमेंट थेट जाळाला तडकतं, त्यामुळे ओतीव चुलीलाही आतून मातीचा थर द्या.

जाळाचं तोंड लहान ठेवा. आमच्या चुलीचं सहा इंच रुंद आणि पाच इंच उंच आहे. खाली लोखंडी जाळी, तिच्याखाली राख पडायला आणि हवा यायला तीन-चार इंचांची पोकळी. पहिल्या भांड्याखालून ज्वाळा वैलाकडे, म्हणजे दुसऱ्या भांड्याकडे जाते. वैलाखाली मातीचा उंचवटा करा, त्याने ज्वाळा भांड्याच्या बुडाला घासून जाते. उंचवटा नसेल तर ती सरळ धुराड्यात पळते आणि वैलावरचं पाणी कोमटच राहतं.

दोन्ही भोकं आपल्या रोजच्या भांड्यांच्या मापाने करा. ओली माती असताना भांडं ठेवून, तळवा फिरवून कड बसवून घ्या. भांडं आणि कड यांत फट राहिली की तिथून गार हवा आत खेचली जाते आणि धुराड्याची ओढ मरते. वैल कधीही उघडी ठेवायची नाही, स्वयंपाक नसला तरी पाण्याचं पातेलं त्यावर हवंच. आमच्याकडे भांडी घासायचं गरम पाणी सगळं वैलावरचं असतं.

ओढ कमी-जास्त करायला पाइपात झडप बसवणार असाल तर ती पूर्ण बंद होणारी नको. तिला एका बाजूने अर्धा इंच खाच ठेवा.

पहिला जाळ

चूल सावलीत आठवडाभर वाळू द्या. मग तीन-चार दिवस रोज दहा-पंधरा मिनिटं फक्त काटक्यांचा बारीक जाळ. पहिल्याच दिवशी मोठा जाळ केला तर आतलं पाणी वाफ होऊन माती फोडतं. भेगा पडतीलच, त्या पातळ मातीने भरून सारवत राहायचं.

स्वयंपाक सुरू करण्याआधी उदबत्तीची परीक्षा घ्या. एक चुडत (वाळक्या झावळीचा तुकडा) किंवा कागदाचा बोळा धुराड्याच्या बुडाशी जाळा, पाइप तापू द्या. मग पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडापाशी धरा. तिची रेघ आत वळली पाहिजे. ती बाहेर येत असेल तर खिडकी उघडून पुन्हा पाहा, मग सांधे, मग टोपी. पावसाळ्यात धुराड्यात थंड, जड हवा कोंडलेली असते, तेव्हा रोजच आधी असं चुडत जाळून पाइप गरम करावा लागतो. त्याला अर्धं मिनिट लागतं.

जाळताना तोंडात लाकूड कोंबायचं नाही. वरचा तिसरा हिस्सा हवेला मोकळा, दोन-तीन बारीक लाकडं, टोकं जाळीवर, जळतील तशी आत सारायची. सतत फुंकणी लागत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवेची वाट बुजली आहे.

चुलीच्या खोलीत बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर दारं उघडून आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं. थंडीत निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत नेणं आणि बंद न्हाणीघरात बंब पेटवणं, दोन्हींनी माणसं गेलेली आहेत.

सरपण

उत्तम चूल आणि उत्तम धुराडं ओल्या लाकडापुढे हरतं. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. ते उकळून जाईपर्यंत जाळ थंड राहतो आणि अर्धवट जळलेला धूर पाइपात चिकटतो. जाळायच्या लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत हवी. दोन पिनांचं ओल मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं. ढलपी फोडून आतल्या बाजूला टोचायचं, बाहेरून टोचलं तर ते खोटं सांगतं. यंत्र नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या टणकन वाजतात, ओल्या धप्प. टोकांना चिरा पडलेल्या दिसतात, साल हाताने सुटते.

आमचं वेळापत्रक असं आहे: दिवाळीनंतर लाकूड आणायचं, लगेच मनगटाएवढं फोडायचं, दगडांवर आडव्या बल्ल्या टाकून जमिनीपासून वीतभर वर रचायचं. ओंडका न फोडता ठेवला तर वर्षभर वाळत नाही. मृगाच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, सगळं पडवीत आलं पाहिजे. पावसाळ्याचं जळण मेच्या अखेरीस घरात नसेल तर पुढचे चार महिने धूर खावा लागतो.

बाभूळ, सुबाभूळ, काजूच्या छाटलेल्या फांद्या चांगल्या. करवंट्या कडक जाळ देतात पण एका वेळी दोनच टाका. सोडणं (नारळाची वरची सालं) आणि झावळ्या पेटवणापुरत्या. शेण्यांचा (गोवऱ्यांचा) धूर जास्त असतो, त्या बाहेरच्या चुलीला. कण्हेर कधीही जाळू नका, तिचा धूरही विषारी असतो. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिकची पिशवी यांतलं काहीही चुलीत जाता कामा नये, पेटवणाला म्हणूनसुद्धा नाही. आणि स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, साग ही झाडं महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात. तोडण्याआधी वन विभागाची परवानगी लागते. पडलेल्या फांद्या आणि बागेची छाटणी यांतूनच एका घराचं बरंचसं भागतं.

काजळी, वाळवी आणि राख

रोज चूल पेटत असेल तर दर पंधरा दिवसांनी टी-सांध्याचं झाकण काढून पाइपावर लाकडाने हलके ठोका. वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीआधी, टोपी उतरवून दोरीला बांधलेला काथ्याचा घट्ट गोळा पाइपातून वर-खाली ओढा. तोंडाला फडकं बांधा. काजळी कोरडी, भुकटीसारखी असेल तर सगळं ठीक चाललंय. चकचकीत, डांबरासारखी असेल तर लाकूड ओलं आहे. ही चकचकीत काजळी धुराड्याच्या आत पेट घेते, पाइप लालभडक होतो. तसं झालं तर चुलीचं तोंड आणि राखेची खिडकी पत्र्याने बंद करून हवा तोडा, अग्निशमन दलाला फोन करा आणि कौलांवर लक्ष ठेवा. पाइपात पाणी ओतू नका.

जुनी माणसं सांगतात की धूर बंद झाला की वाशांना भुंगा लागतो. ते खरं आहे. उघड्या चुलीचा धूर वर्षानुवर्षं वासे आणि रिपा धुरकटवून किडीपासून जपत होता, माळ्यावरचं बियाणंही त्यानेच टिकायचं. धुराडं बसवलंत की ही राखण गेली. म्हणून त्याच वर्षी वाशांना कीडनाशक लावून घ्या, पुढेही दर दोन-तीन वर्षांनी पाहणी करा, आणि बियाणं राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

राख विझलेली दिसते तेव्हाही तिच्या पोटात निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो. ती प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात कधी भरू नका. आमच्याकडे झाकणाचा लोखंडी डबा अंगणात चिऱ्यावर असतो, चुलीची राख आधी त्यात. तीन दिवसांनी हात घालून गार आहे ना पाहायचं, चाळायची. बारीक राख भांड्यांना, उरलेली माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून हातभर लांब.